एक नंबर राखीव

साळवे मास्तरांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. सायकलसुद्धा नाही. तीस वर्षांहून जास्त काळ ते एसटीत कंडक्टर होते. गाडी पुढचा माणूस चालवतो आणि आपण मागून सांगायचं असतं, ही त्यांची समजूत नोकरी संपली तरी बदलली नाही. त्यामुळे पुंडलिकनगरात आमच्या समोरच्या घरातून सकाळी स्कूटर बाहेर निघते तेव्हा हँडलवर सिस्टर असतात आणि मागे मास्तर. मास्तर बसतात, खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा सरळ करतात, डावीउजवीकडे एक नजर टाकतात आणि मग बोटातल्या अंगठीने सिस्टरांच्या हेल्मेटवर दोनदा टकटक करतात. ती टकटक झाल्याशिवाय सिस्टर गाडी जागची हलवत नाहीत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, तेवढंच. पण कॉलनीत हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या वर्षी तीन-चार आया त्यांच्याकडे गणिताच्या शिकवणीची चौकशी करून गेल्या. "गणित येतं की मला, पन फकस्त डोकी मोजायचं," असं सांगून मास्तरांनी प्रत्येकीला चहा पाजला. सिस्टर म्हणजे त्यांची बायको. माहेर देवगाव रंगारीचं, आणि नोकरीही बरीच वर्षं त्याच भागात, सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून. घरातदेखील दोघं एकमेकांना मास्तर आणि सिस्टर अशीच हाक मारतात. दिगंबर आणि शकुंतला ही त्यांची नावं मला दारावरच्या पाटीवरून कळली, आणि ती पाटी लागायला दोन वर्षं गेली.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते नसेल तर मास्तर माझ्या मागे का लागले ते कळणार नाही. गुलमंडीवर आमचं कापडाचं दुकान आहे. सकाळी दहाला मी गादीवर बसतो आणि रात्री उठतो. चहा गादीवर येतो, डबा गादीवर येतो, गिऱ्हाईक गादीपाशी येतं. माझं पोट हा आमच्या घरात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय आहे आणि मला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही.

साळवे मंडळी समोर राहायला आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पहाटे, आमचं फाटक वाजलं. बाहेर मास्तर होते, प्रवाशांशी बोलायच्या त्यांच्या हिंदीत.

"क्या शेठ, उठे क्या नै? चलो, गोगाबाबा की टेकडी चढ के आते!"

मी पांघरूण डोक्यावर ओढलं. माझी बायको सुनीता बाहेर गेली आणि मी शिकवल्याप्रमाणे म्हणाली, ते आंघोळीला गेलेत. असं सात-आठ दिवस चाललं. शेवटी एका सकाळी सिस्टरांचा आवाज आला, "वैनी, रोज येवढ्या सकाळी आंघुळ? लई सोवळं दिसतंय तुमच्यात." त्या दिवशी मी उठलो. टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलो, तिथे बसून पोहे खाल्ले आणि परत आलो. मास्तरांनी त्यालाही शाबास म्हटलं.

त्या दोघांचं जमलं कसं, ते मास्तर प्रत्येक नव्या माणसाला सांगतात आणि सिस्टर प्रत्येक वेळी मधेच सुधारतात. मास्तर तेव्हा देवगाव रंगारीच्या गाडीवर होते. सिस्टर नव्याने नोकरीला लागल्या होत्या आणि लस ठेवायचा तो थंड डबा काखेत मारून रोज फाट्यावर उभ्या असायच्या. एके दिवशी त्या दिसल्या नाहीत. मास्तरांनी गाडी सोडायची घंटीची दोरी ओढलीच नाही. ड्रायव्हर मागे वळून बघतोय, प्रवासी कुरकुरतायत, आणि मास्तर दारात उभे राहून म्हणतायत, "लस येनार हाय, लेकरायची लस हाय, थांबा जरा." गाडी थांबली. सिस्टर पळत आल्या. डबा रिकामा होता, कारण त्या दिवशी लस आलीच नव्हती. भरल्या गाडीत त्यांनी तो उघडून दाखवला आणि म्हणाल्या, "मास्तर, खोटं बोलून गाडी थांबवत जाऊ नका. लोकांचा येळ हाय."

"पाच मिन्टं थांबलो व्हतो," मास्तर सांगतात.

"नऊ," सिस्टर सांगतात.

हा नऊ आणि पाचचा हिशेब अजून मिटलेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या सगळ्या संसाराचं सार तेवढंच आहे. मास्तर माणसासाठी आकडा सैल सोडणारे आणि सिस्टर आकड्याला घट्ट धरणाऱ्या. सिस्टरांचे वडील निरक्षर होते. देवगावच्या विहारात सकाळी चार म्हातारी माणसं जमायची आणि लहानगी शकुंतला त्यांना पेपर वाचून दाखवायची. एखादी ओळ गाळली की वडील थांबवायचे. "परत वाच. ऐकनारा तुझ्या भरवशावर बसलाय," म्हणायचे. सिस्टरांनी हे मला एकदाच सांगितलं, आमच्या ओट्यावर तूर निवडता निवडता.

मास्तर निवृत्त झाले आणि दोन महिन्यांनी सिस्टरही. त्याच आठवड्यात दोघं देवगिरीच्या किल्ल्यावर गेली. कारण मास्तरांचं होतं. "आख्खी नौकरी त्या किल्ल्याच्या बुडातून गाडी गेली. रोज वरडलो, दौलताबादवाले उतरा, दौलताबादवाले उतरा. आन सोता येक दिवस उतरलो नाय." गेली, चढली, उतरली, आणि येताना दोघांच्या डोक्यात एकच खूळ घेऊन आली. जिथे जिथे म्हणून मराठवाड्यात चढण्यासारखं आहे, तिथे तिथे आपल्या पायाने जायचं आणि आपल्यासारख्या पन्नाशी-साठीच्या माणसांना कळेल असं लिहून ठेवायचं.

सुनीता कॉम्प्युटरचे क्लास घेते. तिने त्यांना ब्लॉग काढून दिला. नाव मास्तरांनी ठेवलं, 'डबल बेल'. दोन घंट्या म्हणजे गाडी सुटली.

पहिल्या लेखात मास्तरांनी लिहिलं, 'म्हैसमाळचा परिसर अत्यंत निसर्गरम्य आहे.' हे टाईप करायला त्यांना एका बोटाने बराच वेळ लागला होता. सिस्टर खुर्चीमागे उभ्या होत्या.

"निसर्गरम्य म्हंजे किती?"

"आता त्ये काय मोजायचं असतं व्हय?"

"मंग खोडा. वाचनारा त्ये वाचून घरातून निघनार. त्याला चढ किती, पानी कुठं, त्ये सांगा. रम्य हाय का नाय त्ये त्याचं त्यो बघंल."

तेव्हापासून 'डबल बेल'वर मोजता न येणारं एकही विशेषण आलेलं नाही. प्रत्येक लेख एकाच साच्याचा असतो. सुटण्याची वेळ. पोहोचण्याची वेळ. पायऱ्या. पाणी. बायकांची सोय. नाडी, चढण्याआधी आणि चढल्यावर, दोघांची. हे 'बायकांची सोय' प्रकरण सिस्टरांचं. त्यात त्या आडपडदा न ठेवता लिहितात. संडास आहे का, कडी लागते का, आत पाणी आहे का. मला वाटलं होतं, हे कोण वाचणार? पण लोकांनी तेच वाचलं. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं की या रकान्यामुळे त्यांच्या सासूबाई पहिल्यांदा घराबाहेर पडून लेणी बघून आल्या. सिस्टरांनी ते पत्र छापून घेतलं आणि पुढच्या खोलीत तथागतांच्या तसबिरीखाली चिकटवलं.

चूकही झाली एकदा. पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या लेखात 'पाणी आहे' असं लिहिलं होतं. उन्हाळ्यात कुणी एक जोडपं त्या भरवशावर गेलं आणि हाल होऊन परत आलं. त्यांनी ब्लॉगवर रागाने लिहिलं. मास्तर म्हणाले, आपण गेलो तेव्हा होतं, आपला काय दोष? सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली, भर एप्रिलात पितळखोरा उतरून-चढून आल्या आणि लिहिलं, 'पाणी हिवाळ्यातच आहे. आधी लिहिलं ते अर्धवट होतं. माफ करा.' तेव्हापासून दर उन्हाळ्यात पाण्याच्या जागा पुन्हा तपासायला जायचं ठरलं. फिरायला म्हणून जे सुरू झालं होतं, त्याला अशी ड्युटी लागली आणि दोघांच्याही तोंडावर मी एवढं सुख क्वचित पाहिलंय.

एकदा ताकद वाढवायची पावडर विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा माणूस आला. गोड बोलला. डबे ठेवून गेला आणि म्हणाला, चार चांगल्या ओळी लिहा. मास्तर खूश. सिस्टर म्हणाल्या, लिहू, पण आधी खाऊन बघू. महिनाभर मास्तरांनी पावडर खाल्ली आणि सिस्टरांनी फुटाणे. दोघांनी रोज तीच टेकडी चढली, रोज नाडी लिहून ठेवली. महिन्यानंतर लेख आला, 'फुटाणे बरे.' एवढंच नाव आणि खाली आकड्यांचा तक्ता. कंपनीचा माणूस पुन्हा फिरकला नाही. उरलेली पावडर मास्तरांनी मला आणून दिली. मी ती दुधातून घेतली, चव वाईट नव्हती.

आता पायऱ्यांचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

पायऱ्या दोघंही मोजायची, पण स्वतंत्र. मास्तर दहा-दहाने मोजत. दहा झाल्या की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. सिस्टर नाडी मोजल्यासारख्या पंधरा-पंधराने मोजत, बोटांच्या पेरांवर. सुरुवातीला वर पोहोचल्यावर एकमेकांना आकडा विचारायचे, पण त्यात मास्तर सिस्टरांचा आकडा ऐकून "माझाबी त्योच" म्हणतात असं सिस्टरांच्या लक्षात आलं. मग चिठ्ठ्यांची पद्धत आली. दोघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची, आणि तिसऱ्या माणसाने उघडायची. तिसरा माणूस मी. परत येताना ती दोघं घामेजलेली, धुळीने भरलेली, थेट गुलमंडीवर दुकानात यायची. लग्नाच्या साड्या बघायला आलेल्या बायका सरकून जागा द्यायच्या. मी चिठ्ठ्या उघडायचो. जुळल्या तर लेख. नाही जुळल्या तर पुढच्या आठवड्यात पुन्हा चढायचं, पुन्हा मोजायचं. या पायी एकेक ठिकाण त्यांनी दोनदा-तीनदा चढलंय.

आणि एक ठिकाण जुळतच नव्हतं. देवगिरी.

महादरवाज्यापासून अगदी वरच्या तोफेपर्यंत मास्तरांचा एक आकडा यायचा, आणि सिस्टरांचा त्याहून अकरा जास्त. आकडे मी इथे सांगणार नाही, कारण ते अजून प्रसिद्ध झालेले नाहीत आणि ती माझी मालमत्ता नाही. पाच वेळा गेली. पाचही वेळा मास्तरांचा तोच, सिस्टरांचा तोच, आणि फरक अकराचा. किल्ल्यात मध्यावर अंधारी लागते, डोंगराच्या पोटातला काळोखा जिना. पायऱ्या उंचसखल, वर वटवाघळं. मास्तर म्हणायचे, सिस्टर तिथं दोन-दोनदा मोजते. सिस्टर म्हणायच्या, "मास्तर तिथं मला हात देत्यात, आन सारखं बोलत ऱ्हात्यात. सांभाळून, सांभाळून. त्यात गळत्यात त्यांच्या पायऱ्या."

त्यामुळे ज्या किल्ल्यावरून सगळं सुरू झालं, त्याचाच लेख नव्हता. ब्लॉग उघडला की पहिला लेख दिसतो त्यावर नंबर आहे दोन, म्हैसमाळ. एक नंबर नाहीच. वाचणारे विचारायचे, एक कुठे आहे? मास्तर उत्तर द्यायचे, 'एक नंबर राखीव आहे.' एसटीत खिडकीवर लिहितात तसं.

असं छान चाललं होतं. मग मास्तर लंगडायला लागले.

आधी त्यांनी लपवलं. चपलेला दोष दिला, मग स्कूटरला, मग सिस्टरांच्या गाडी चालवण्याला. पण सिस्टरांपासून काय लपणार? त्या त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डावा गुडघा पार झिजला होता. इतकी वर्षं हलत्या गाडीत उभं राहून काढलेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, सपाटीवर मजेत चालाल. किल्ल्याचं विचारलं तर म्हणाले, ते आत्ता सांगता येणार नाही. जमेल कदाचित, कदाचित नाही. तारीख ठरली.

त्या दिवशी मास्तर संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"शेठ, येक नंबर ऱ्हायला."

"होईल हो मास्तर."

"नाय झाला तर? सिस्टरचा बलॉग दोन नंबरापासून सुरू व्हनार कायमचा. तिला किती लागंल त्ये तुमाला नाय कळायचं." मग म्हणाले, "येकदा जाऊन येतो. ऑपरेशनच्या आधी."

सिस्टर नको म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या नर्स. पण त्यांनी डॉक्टरांना विचारलं, गुडघ्याला पट्टा घेतला, काठी घेतली आणि ठरवलं, हळूहळू जायचं, जिथे दुखेल तिथून परत फिरायचं. आणि सुनीताने ठरवलं की मीही जायचं. मास्तरांना काही झालं तर खांदा द्यायला. माझा खांदा कुणाला द्यायच्या अवस्थेत असेल, याचा तिने विचार केला नव्हता.

थंडीचे दिवस होते. किल्ल्याचा दरवाजा उघडला तेव्हा आम्ही तिघं पहिले. मास्तरांनी खिशातले खडे मोजून घेतले. सिस्टरांनी नाडी बघितली, मास्तरांची, स्वतःची, आणि मग माझी. माझी बघून म्हणाल्या, "शेठ, तुमी अजून चढला नाय ना?"

मास्तर एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होते. आधी काठी, मग उजवा, मग डावा. माकडं भिंतीवरून बघत होती. शाळेची सहल मागून आली, आम्हाला ओलांडून वर गेली, आणि आम्ही अर्ध्यात असतानाच खाली उतरूनही आली. अंधारीत शिरताना सिस्टर पुढे झाल्या आणि या वेळी हात त्यांनी दिला. मी मागून टॉर्च धरला होता. मास्तर बोलत नव्हते. सिस्टरच बोलत होत्या, "सांभाळून, मास्तर. हां. आता उंच हाय. सांभाळून." मला वाटलं, आता या मोजतायत की नाही?

वरच्या तोफेपाशी पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मी आधी बसलो. मग मास्तर बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते हसत होते. खाली रस्त्यावरून एक लाल गाडी खेळण्याएवढी सरकत होती. मास्तरांनी बोटाने दाखवली आणि म्हणाले, "दौलताबादवाले उतरा."

सिस्टरांनी पिशवीतून कागद काढला, मधून फाडला. दोघांनी पाठ फिरवून लिहिलं. घडी घातली. मला दिलं.

मी मास्तरांची चिठ्ठी उघडली. ती वाचली आणि मला एवढा आनंद झाला की सांगता येत नाही. मास्तरांच्या चिठ्ठीवर सिस्टरांचा आकडा होता. पाच वेळचे आकडे मला पाठ होते. अकराचा फरक मिटला होता! मी घाईने दुसरी उघडली.

सिस्टरांच्या चिठ्ठीवर मास्तरांचा आकडा होता.

मी दोन्ही चिठ्ठ्या मांडीवर ठेवल्या. पुन्हा वाचल्या. अक्षर पाहिलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल तर झाली नाही ना. नव्हती झाली. ज्या माणसाने लसीच्या डब्यासाठी गाडी थांबवली होती त्याचं मला नवल वाटलं नाही. पण सिस्टर! 'निसर्गरम्य' खोडायला लावणाऱ्या, पाण्यासाठी एप्रिलात पितळखोरा उतरणाऱ्या सिस्टर.

"काय झालं शेठ?" मास्तर म्हणाले. "जुळला ना?"

मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले.

मग सिस्टरांनी पदर सावरला आणि मास्तरांकडे वळल्या.

"मास्तर, ह्यो माझा आकडा हाय. तुमी खोटं लिव्हलं."

"आन ह्यो माझा हाय," मास्तर म्हणाले. "तू काय लिव्हलं?"

सिस्टरांनी मान खाली घातली. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा तसं पाहिलं. म्हणाल्या, "मी मोजलंच नाय आज. अंधारीत तुमच्या पायाकडंच ध्यान व्हतं. म्हनलं, ऱ्हाऊ दे. तुमचा येक नंबर व्हऊ दे."

"माझा कुठला? तुझा म्हनून तर मी…" मास्तरांनी खिशात हात घालून खडे बाहेर काढले. सगळे डाव्याच खिशात होते. एकही उजव्या खिशात गेला नव्हता.

मला रडू आलं. मी लपवलं नाही, लपवायला तिथे आडोसाही नव्हता. दुकानात बसून मी दर लगीनसराईत शेकडो जोडपी पाहतो, शालू पसंत करताना एकमेकांकडे बघणारी. पण असं काही मी पाहिलं नव्हतं. मग मी व्यापारी माणूस, मला तोडगा सुचला. म्हटलं, "अहो, आता दोघांनी एकमेकांचा मान्य केलाय. कुठलाही एक टाका आणि मोकळे व्हा. कोण मोजायला येतंय?"

सिस्टरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पाण्याची बाटली शोधायला लागलो.

"वाचनारा आपल्या भरवशावर येतो, शेठ. न मोजलेला आकडा जायचा नाय."

"मंग येक नंबर?" मास्तर म्हणाले.

"ऱ्हाऊ दे राखीव."

"म्हंजे परत यावं लागंल."

"यावंच लागंल," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी मास्तरांचं मनगट धरून घड्याळात बघायला सुरुवात केली. नाडी मोजायला एवढा वेळ लागत नाही, हे मलाही माहीत आहे. मी तोफेच्या पलीकडे जाऊन बसलो.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरचे महिने मास्तरांना सिस्टरांनी सुखाने बसू दिलं नाही. रोज सकाळी अंगणात चाळीस फेऱ्या, मग पन्नास, मग शंभर. मास्तर फाटकाशी आले की मला हाक मारायचे, "शेठ, बचाओ!" मी ओट्यावरून हात हलवायचो. पुढे गच्चीच्या जिन्याची परवानगी मिळाली. त्या दिवशी 'डबल बेल'वर कितीतरी दिवसांनी लेख आला, 'आमच्या घराचा जिना'. सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ. पायऱ्या सतरा, दोघांच्या जुळल्या. पाणी आहे, टाकीत. बायकांची सोय आहे, कडी लागते. नाडी. त्या लेखाला जेवढी पत्रं आली तेवढी अजिंठ्यालाही आली नव्हती.

मग गोगाबाबाची टेकडी झाली, आधी अर्धी, मग पूर्ण. मीही जातो आता अधूनमधून, पोह्यांच्या जागेच्याही पुढपर्यंत.

आज सकाळी मी दात घासत फाटकात उभा होतो. समोर स्कूटर बाहेर आली. सिस्टरांनी पायात कॅनव्हासचे बूट घातले होते, साडी वर खोचली होती. मास्तर पायरीवरून काठी न घेता उतरले आणि खिसे चाचपायला लागले. डाव्या खिशात खडे वाजले.

"किधर मास्तर?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"दौलताबादवाले चढ रहे आज," मास्तर म्हणाले. "डागदर बोले, आहिस्ता जाव, पन जाव."

सिस्टर म्हणाल्या, "शेठ, सांजच्याला दुकानात येतो. चिठ्ठ्या घेऊन. आन आज मी सोता मोजनार हाय."

मास्तर मागे बसले. पिशवीचा पट्टा सरळ केला. डावीउजवीकडे पाहिलं. हेल्मेटवर टकटक झाली आणि स्कूटर गल्लीच्या टोकाला जाऊन वळली. मी घरात आलो आणि कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली लिहून ठेवलं, सुटण्याची वेळ सहा वाजून दहा मिनिटं.

हे मी दुकानात गादीवर बसून लिहितोय. दुपार कलली आहे, ती दोघं आता कधीही येतील. चिठ्ठ्या मीच उघडायच्या आहेत. जुळल्या तर एक नंबर भरेल, सिस्टरांचं मन भरेल, आणि मला आनंद व्हायला हवा. पण खरं सांगू? त्या आजही जुळू नयेत असं मला फार वाटतंय.